हयातीचा दाखला घरबसल्या : ‘जीवन प्रमाण’ सेवेविषयी

निवृत्तिवेतन अखंड चालू राहावे यासाठी दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि ज्यांना घराचा जिना उतरणेही कठीण झाले आहे त्यांची या एका कामासाठी फार ओढाताण होते. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केलेली ‘जीवन प्रमाण’ ही आधारवर चालणारी सेवा आम्ही आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वापरतो. ती मला मनापासून मोलाची वाटते.

आरंभी या सेवेत बोटांचे ठसे किंवा बुबुळांची नोंद घेतली जाई. उतारवयात बोटांवरच्या रेषा पुसट होतात, आणि ज्यांचे आयुष्य शेतात किंवा कारखान्यात हातांनी राबण्यात गेले त्यांचे ठसे यंत्राला अनेकदा जुळवता येत नाहीत. म्हणजे ज्यांना सोयीची गरज सर्वाधिक, तेच तिच्याबाहेर राहत. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची पद्धत आली, तेव्हा ही सेवा खऱ्या अर्थाने वृद्धांची झाली, असे माझे मत आहे. अँड्रॉइड फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घेतली की आधी फोन हाताळणाऱ्याची आणि मग निवृत्तिवेतनधारकाची ओळख पटवली जाते. चेहऱ्यावर पुरेसा उजेड मात्र हवा.

एका बाबतीत अधिक स्पष्टता हवी होती. संदेशाने दाखल्याचा क्रमांक (प्रमाण क्रमांक) आला की काम संपले, असा बहुतेकांचा समज होतो. परंतु पीपीओ क्रमांक (निवृत्तिवेतनाच्या आदेशावरचा क्रमांक) किंवा निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाचे नाव चुकले असेल तर दाखला नंतर नाकारला जाऊ शकतो. म्हणून तो स्वीकारला गेल्याची खात्री ‘जीवन प्रमाण’च्या संकेतस्थळावर अवश्य करावी. पुनर्विवाह केलेल्यांना किंवा पुन्हा नोकरीत असलेल्यांना ही सेवा वापरता येत नाही. त्यांना जुन्याच पद्धतीने दाखला द्यावा लागतो.

घरात फोन हाताळणारे कोणी नसेल, तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत हेच काम करून देतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नये.