दिसेल तेव्हा दुरुस्त करावे, की तिथे गेल्यावर?

ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या सामायिक नकाशावर सोलापूरच्या नोंदी सांभाळताना माझ्याजवळ एक वही असते. साखर पेठेतल्या एका किराणा दुकानाच्या नावाअखेर रिकामी जागा राहून गेली आहे, होटगी रस्त्यावर कोणी एक नाव सगळे मोठ्या इंग्रजी अक्षरांत टाकले आहे, विजापूर वेशीजवळच्या एका दवाखान्याचा क्रमांक 0217 ने सुरू होतो आणि तो +91 217 असा हवा, अशा गोष्टी तिच्यात टिपलेल्या असतात. या सर्व नोंदींत माहिती बरोबर आहे, मांडणी तेवढी चुकलेली आहे. अशी दुरुस्ती दिसताक्षणी घरबसल्या करून टाकावी, की त्या जागेबद्दल काही खरी भर घालायची असेल तेव्हाच तिच्यासोबत करावी, याचा निर्णय नियमित काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी घ्यावा लागतो. मी आधी पहिल्या पद्धतीने काम करीत होतो आणि आता दुसऱ्या पद्धतीने करतो, तेव्हा माझा कल कुठे आहे हे वाचकाला वहीवरूनच कळले असेल.

तरीही पहिल्या पद्धतीची बाजू हलकी नाही, आणि मराठीत काम करणाऱ्यासाठी तर ती इतरांपेक्षा जास्त भारी आहे. ‘ॲकॅडमी’ हा शब्द घ्या. यातला ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्याआधीच्या सवयीने अनेक जण आजही ‘अ’वर चंद्र चढवून तो लिहितात, आणि पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. ‘शेतकऱ्यांचा’ यातल्या ‘ऱ्या’चेही तसेच आहे, तो दोन प्रकारे टंकता येतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. एकदा ओव्हरपास टर्बो या नकाशातल्या नोंदी शोधण्याच्या साधनावर अशोक चौकाच्या आसपासच्या ॲकॅडम्या शोधताना मला एकच सापडली, वास्तविक त्या रस्त्यावरून जाताना मी चार पाट्या वाचल्या होत्या. उरलेल्या तिन्ही नकाशावर होत्याच, फक्त दुसऱ्या ‘अ’ने लिहिलेल्या. वेळेच्या रकान्यात कोणी देवनागरी अंक टाकले तरी हेच होते: माणसाला वेळ कळते, ॲपला कळत नाही. अशी दुरुस्ती किरकोळ दिसते, पण तिच्यावाचून नोंद असून नसल्यासारखी होते. ती थांबवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

हा प्रकार वगळला, तर उरते ती निव्वळ सफाई. तिच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की तिच्यामुळे कोणाचे काय बिघडते. मीही बराच काळ असेच म्हणत असे.

एका जानेवारीत लातूरचा माझा आतेभाऊ गड्ड्याच्या यात्रेला आला होता. होम मैदानावर फिरून झाल्यावर त्याला घरी न्यायला चादरी घ्यायच्या होत्या. मी फोनवर चाटी गल्लीतल्या एका दुकानाची नोंद उघडली. शेवटचा बदल नऊ दिवसांपूर्वीचा होता आणि वेळ सकाळी दहा ते रात्री साडेआठ अशी स्वच्छ लिहिलेली होती. इतकी ताजी नोंद आहे म्हणून मी त्याला निर्धास्तपणे तिकडे पाठवले. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, “दादा, इथं गाळा भाड्याने देणे आहे अशी पाटी लावलीय, आणि शेजारचे म्हणतात दिवाळीच्या आधीच बंद झालं.” रात्री मी त्या नोंदीचा इतिहास पाहिला. नऊ दिवसांपूर्वीचा बदल माझाच होता. वेळेच्या दोन आकड्यांमधल्या आडव्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा मी चहा घेता घेता काढल्या होत्या. दुकान प्रत्यक्ष पाहून कोणी नोंद केली होती ती त्याच्या आधीच्या आवृत्तीत, चार वर्षांपूर्वी.

माझे मत या एका गोष्टीने फिरले. सामायिक नकाशात शेवटच्या बदलाची तारीख ही पुष्कळांच्या दृष्टीने विश्वासाची खूण असते, आणि केवळ माणसांच्या दृष्टीने नव्हे. स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप रस्त्याने चालणाऱ्याला ‘हे दुकान अजून इथेच आहे का’ असे विचारते, ते बराच काळ कोणाचा हात न लागलेल्या नोंदींबद्दल. मी एक रिकामी जागा काढली की तो हात लागला असे धरले जाते आणि प्रश्न पुढे ढकलला जातो. म्हणजे माझ्या सफाईने जुनी माहिती नुसतीच राहिली नाही, तिला नव्याचे रूपही मिळाले. प्रत्यक्ष पाहणीच्या तारखेसाठी वेगळा रकाना आहे हे खरे, आणि सर्वांनी तो भरला असता तर माझी तक्रार बहुधा उरली नसती. परंतु सोलापूरच्या दुकानांवर तो भरलेला मला क्वचितच दिसतो.

दुसरी अडचण लहान आहे. एका चेंजसेटमध्ये, म्हणजे एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, 10,000 बदल मावतात, त्यामुळे बसल्या बैठकीला बाळ्यापासून कुमठा नाक्यापर्यंत आणि हुरूप आला तर थेट पंढरपूरपर्यंत स्वल्पविराम सुधारण्याचा मोह होतो. मग त्या चेंजसेटने व्यापलेल्या भागाची चौकट अर्ध्या जिल्ह्यावर पसरते, आणि आपल्या पेठेवर लक्ष ठेवून असलेल्याला त्यात नेमके काय बदलले हे उलगडत बसावे लागते. एकाच प्रकारचे बदल सरसकट करायचे असतील तर आधी चर्चा करावी असा ओपनस्ट्रीटमॅपच्या समुदायाचा संकेत आहे, आणि तो मला आता जाचक वाटत नाही.

ज्यांना शहरात हिंडणे शक्य नाही, किंवा जे सोलापूर सोडून पुण्या-मुंबईला गेले आहेत, त्यांना माझी पद्धत कदाचित जमणार नाही. त्यांनी शोधात अडथळा आणणाऱ्या अक्षरांपुरते काम घेतले तरी ते मोलाचे ठरेल. ज्याला सायकलवरून दोन पेठा पालथ्या घालता येतात त्याने मात्र रिकामी जागा काढायला दुकानापर्यंत जावे, असे मी सुचवीन. शटर उघडे आहे का ते पाहावे, पाटीवरची कानडी किंवा तेलुगू नावेही टिपून घ्यावीत आणि मग सगळे एकत्र जतन करावे. चाटी गल्लीतल्या त्या नोंदीला मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन ‘बंद’ असा शेरा दिला. साखर पेठेची पाने येत्या रविवारसाठी ठेवली आहेत.