बर्थ पूल सांगून लहान मुलांचा टब पाठवला, वरून डिपॉझिटही गिळलं (धुळ्याचा अनुभव)

घरी बाळंतपणासाठी किंवा निदान कळांच्या वेळेस कोमट पाण्यात बसता यावं म्हणून कोणी बर्थ पूल भाड्याने घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझ्या लहान बहिणीला यात फसवलंय आणि जिने फसवलं ती बाई अजून तेच फोटो टाकून बुकिंग घेतेय, म्हणून लिहितेय.

बहीण पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी धुळ्याला आलेली. ट्रेनिंग घेतलेली मिडवाइफ ठरली होती, इथल्या डॉक्टर मॅडमना पण सगळं माहिती होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलेलं की तब्येत चांगली असेल, दिवस पूर्ण भरले असतील तर कळा पाण्यात काढ, पण बाळ पाण्यात जन्माला घालायचं नाही आणि गाडी दारात उभी पाहिजे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 ला असंच सांगितलंय. म्हणजे हौस म्हणून काही चाललेलं नव्हतं, सगळं विचारून चाललेलं.

पूल इन्स्टावर सापडला. ‘प्रोफेशनल बर्थ पूल, हॉस्पिटल क्वालिटी’, भाडं 6,500, डिपॉझिट 10,000, सगळं ॲडव्हान्स. बाई फोनवर इतकं गोड बोलायची, ‘ताई तुम्ही फक्त बाळाचा विचार करा’, की कोणालाही विश्वास बसावा.

पार्सल उघडलं तर आत उन्हाळ्यात पोरं अंगणात खेळतात तसला फुगवायचा टब, माशांची चित्रं असलेला. खऱ्या बर्थ पूलच्या कडा इतक्या कडक असतात की बाई कळेच्या वेळी त्यावर पूर्ण भार टाकून ओणवी होऊ शकते, तळ फुगवलेला मऊ असतो म्हणजे गुडघे दुखत नाहीत, आतून धरायला हँडल असतात, आणि बसल्यावर पोट पूर्ण बुडेल इतकं खोल पाणी राहतं. या टबात मी नुसता हात टेकवला तर कड खाली बसली आणि पाणी फरशीवर. कळा चालू असताना तिथे माझी बहीण असती तर? हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो. सोबतचा लायनर, म्हणजे पूलच्या आत अंथरायचं प्लास्टिक, तो पण वापरलेला, घडीत पांढरे क्षारांचे डाग तसेच. लायनर एकदाच वापरून फेकायचा असतो, दुसऱ्या बाईचं रक्त लागलेलं प्लास्टिक धुऊन पाठवणं हा नुसता पैशाचा प्रश्न नाही, इन्फेक्शनचा आहे.

आईने तर फोटो बघूनच आधी विचारलेलं, ‘इतलं पानी कथाईन आनशात?’ (एवढं पाणी कुठून आणणार?) आणि तिचं बरोबरच होतं, पूल नीट भरायला 500-600 लिटर लागतं, आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, आणि 25 लिटरचा गिझर सात-आठ वेळा तापवावा लागतो. हेच त्या बाईला विचारलं तर म्हणे हीटरवाला पंप एक्स्ट्रा भाड्याने घ्या, आठवडाभर आधी भरून ठेवा, पाणी गरमच राहील. हे कोणीही अजिबात करू नका!! इंग्लंडमध्ये 2014 ला असाच आधीपासून भरून गरम ठेवलेला पूल वापरलेल्या घरी बाळाला लिजिओनेला नावाच्या पाण्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे गंभीर आजार झाला होता आणि तिथल्या सरकारने असे पूल वापरू नका असा इशारा काढलेला. पाणी कळा सुरू झाल्यावरच भरायचं, नवीन पाइपने, आणि थर्मामीटर लावून साडेसदतीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं, त्यामुळे हाताच्या अंदाजाने चालत नाही.

पुढे बहिणीचं बीपी वाढलं, मॅडमनी सरळ ॲडमिट करून घेतलं, मुलगी झाली, दोघी छान आहेत. टब न वापरता परत पाठवला तर बाई म्हणे पंक्चर आहे, डिपॉझिट मिळणार नाही, आणि नंबर ब्लॉक. मग दुसऱ्याच नंबरवरून एक माणूस, ‘रिफंड पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’. बहीण ओली बाळंतीण, झोप नाही, ती स्कॅन करणारच होती, मी फोन हातातून घेतला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

बुकिंगच्या आधी व्हिडिओ कॉलवर पूल फुगवून दाखवायला लावा, कडेवर माणूस बसवून दाखवायला सांगा. खोली सेंटिमीटरमध्ये विचारा, मिडवाइफला फोटो दाखवा. लायनर आणि पाइप सीलपॅक नवीन मिळणार का ते लेखी घ्या. आणि पार्सल उघडताना व परत पॅक करताना अखंड व्हिडिओ काढा, आमच्याकडे उघडतानाचा होता पण पंक्चर नव्हतं हे दाखवायला परत पाठवतानाचा पण लागतो.

पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि विक्रेता दुसऱ्या शहरातला असला तरी 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आमची धुळ्यालाच दाखल केलीय, चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि माशांच्या टबाचे फोटो जोडून. ज्यांना हाच टब आलाय त्यांनी पण आपापल्या जिल्ह्यात टाका.