नमुन्यावरून चित्रण की जागेवर रेखाटन?

बदलत्या निसर्गाला प्रतिसाद म्हणून चित्रण शिकू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, की टेबलावर फूल किंवा कीटक असा नमुना ठेवून केले जाणारे शास्त्रीय (वैज्ञानिक) चित्रण आधी शिकावे, की वही घेऊन थेट ओढ्याकाठी बसावे.

खर्चाचा मुद्दा चटकन संपतो: पहिल्या मार्गाला सूक्ष्मदर्शक, नमुने आणि मार्गदर्शक लागतात, दुसऱ्याला वही, पेन्सिल आणि चिकाटी पुरते.

श्रमांचे तसे नाही. नमुना हलत नाही. पाकळ्या मोजता येतात, बारीक ठिपक्यांनी छाया सावकाश उतरवता येते. ओढ्याकाठी ऊन सरकते, पक्षी उडून जातो, हात घाईला येतो. तरीही बदल दिसतो तो तिथेच. दर महिन्याला एकाच दगडाचे चित्र काढले, तर पाण्याची रेघ कुठवर उतरली आणि शेवाळ कुठे वाळून करडे पडले, हे पानापानांतून उलगडत जाते. सुट्या नमुन्याला ते सांगता येत नाही. निसर्गचित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या, त्या कीटक आणि त्यांच्या खाद्यवनस्पती जिवंत पाहण्यासाठीच.

टिकाऊपणात दोन्हीकडे सारखाच धोका आहे, तो रंगांचा. अलिझरिन क्रिमझन या रंगाचा गडद लाल उजेडात फिका पडतो. शिवाय तारीख आणि जागा न लिहिलेले रेखाटन, कितीही देखणे असले, तरी नोंद म्हणून लंगडेच.

प्रजातींची अचूक ओळख पटवणारी चित्रे संशोधकांना पुरवायची असतील, तर नमुन्यापासून सुरुवात करावी. एखाद्या जागेचे वर्षानुवर्षांचे रूपांतर लोकांसमोर मांडायचे असेल, तर ओढाच गाठावा.