अप्पा बळवंत चौकातली शाळेची खरेदी: वह्यांचं दुकान एकदम भारी, दप्तराने मात्र दगा दिला

शाळेच्या ग्रुपवर यादी आली आणि डोकंच गरगरलं. थोरली तिसरीत, धाकटा पहिलीत, दोघंही सेमी-इंग्रजीला, आणि मिळून एकवीस वह्या! २०२४-२५ पर्यंत बालभारतीच्या पुस्तकातच कोरी पानं असायची, म्हणजे वह्या कमी लागाव्यात असा सरकारचा हिशोब (आमच्या बाईंनी तरी वह्या कुठे सोडल्या म्हणा), तर आता २०२५ पासून ती पानं बंद आणि वह्यांचा ढीग परत सुरू. शिवाय मला वाटलेलं ताईची पुस्तकं धाकट्याला चालतील, एक खर्च वाचला, पण पहिलीचा अभ्यासक्रम नेमका २०२५ मध्येच बदलला. म्हणजे तेही गेलं.

शाळेजवळ तयार सेट मिळतो पण त्यात नको त्या दहा गोष्टी असतात, म्हणून म्हटलं सरळ एबीसीला, म्हणजे पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जाऊ. गाडी अजिबात नेऊ नका, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते तर गाडी कुठे लावणार, आम्ही मेट्रोने कसबा पेठला उतरून चालत गेलो.

मोठ्या दुकानांत गर्दी होती म्हणून आतल्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात घुसलो. पाटी काही वाचता आली नाही कारण तिच्यासमोर रेनकोट लटकवलेले. काउंटरवर सत्तरीचे एक काका, यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि पहिला प्रश्न, "पहिलीतला कोण?" धाकट्याने हात वर केला. काकांनी गणिताच्या दोन वह्या त्याच्यापुढे ठेवल्या, एक बारीक चौकटीची, एक मोठ्या, आणि म्हणाले आठ काढून दाखव. बारीक चौकटीत त्याचा आठ शेजारच्या घरात घुसला. "ताई, यादीत काहीही लिहिलेलं असू दे, ह्याला मोठी चौकटच न्या." मग मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी, सगळ्या वेगळ्या गठ्ठ्यात. फुलस्केप वह्या यादीत सहा होत्या तर म्हणाले आत्ता तीनच घ्या, दिवाळीनंतर लागल्या तर या. विकणारा माणूस कमी घ्या म्हणतोय, मी पुण्यातच आहे ना, असं झालं मला!

वह्यांवर डझनाच्या भावाने बऱ्यापैकी सूट दिली, बालभारतीच्या पुस्तकांवर छापील किंमतच, तिथे घासाघीस करू नका. घरी आल्यावर बघितलं तर एक दुरेघी वही चौरेघीच्या गठ्ठ्यात गेलेली. चार दिवसांनी घेऊन गेले, पावती पण नव्हती, तरी एका मिनिटात बदलून दिली. खाकी कव्हरचा रोल मात्र पातळ निघाला, एका पावसात वहीला चिकटला, तेवढा एक स्टार कमी.

आता दप्तर. ते दुसरीकडून घेतलं, तिथेच चूक झाली. थोरलीला तीन कप्प्यांचं, चमकीवालं हवं होतं आणि मी पण भर गर्दीत वैतागून हो म्हटलं. घरी सामान मोजायच्या काट्याला लावलं तर रिकामंच ९०० ग्रॅम! नियमाने दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नको, ती २२ किलोची, म्हणजे सगळं धरून २.२ किलोच्या आतच पाहिजे, त्यात जवळजवळ एक किलो नुसतं दप्तरच खाणार मग पुस्तकं, डबा, बाटली कशात बसवायची? वर चौथ्या दिवशी चेन गेली. दुकानदार म्हणे चेनला गॅरंटी नसते. मग आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याने ४० रुपयांत नवीन रनर घालून दिला, तो अजून टिकून आहे. दप्तर घेताना दुकानातच दहा वेळा चेन उघडझाप करा, लाजू नका, आणि रिकामं एका बोटावर उचलून बघा.

रेनकोटचं एक सांगते, दप्तरासकट अंगात जाईल असा घ्या. २०२५ ला पाऊस मेमध्येच आला तेव्हा आम्ही घाईत मापाचा घेतला, आता पोर कोरडं आणि दप्तर ओलं.

काकांच्या दुकानाला चार स्टार, दप्तराला एक, तोही चप्पलवाल्याचा. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी दोन्ही खोडरबर हरवले. एबीसीला कोणी जाणार असेल तर सांगा, माझ्यासाठी अर्धा डझन आणा.