कासवासाठी काचेची टाकी की अंगणातला हौद?

आधी एक सांगते. शेतातलं, ओहळातलं कासव उचलून आणू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पुढचं सगळं पाळीव म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल कानाच्या स्लायडर या पाणकासवाबद्दल.

टाकी की हौद, हे तुमच्याकडे ऊन कुठून येतं त्यावर ठरवा. कवच म्हणजे हाड. त्यात कॅल्शियम बसायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तयार होतं. ही किरणं काच अडवते. म्हणून खिडकीशी ठेवलेल्या टाकीतलं कासव मस्त ऊन खातंय असं वाटतं, आणि कवच मात्र मऊ पडत जातं.

चतुर्थीनंतर मेपर्यंत आपल्या गोव्यात हौदाला तोड नाही. ऊन फुकट, पोहायला जागा भरपूर. अर्धा हौद सावलीत हवा, वर जाळी हवी. घारी, मुंगूस टपलेलेच असतात. हौद नवा असेल तर सिमेंटचा चुना उतरेपर्यंत पाणी भरून पुन्हा पुन्हा सोडा.

खरी अडचण पावसात. हौद तुडुंब भरला की कासव सरळ पोहत बाहेर जातं. शिवाय पाठ सुकत नाही. फोंड्याला आमच्याकडे एका जुलैत कितीतरी दिवस ऊनच पडलं नाही. कवचाच्या एका खवल्याच्या कडेला पांढरट डाग दिसला, बोटाने दाबला तर मऊ, आणि कुजकट वास. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून रोज काही तास कोरड्यात ठेवून पातळ केलेलं पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक लावलं. बरं व्हायला दिवाळी उजाडली. शेजारच्या काकींनी खोबरेल सुचवलं होतं, पण तेलाखाली ओल कोंडते, लावू नका. कवचाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटत असतील तर काळजी नको, फक्त हाताने सोलू नका.

टाकी बारमाही चालते, पण खर्चिक. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी धरा. आज रुपयाएवढं दिसणारं पिल्लू, मादी असेल तर फूटभर होतं! वर यूव्हीबी दिवा, त्याखाली ३२ अंशांच्या आसपास तापणारी कोरडी जागा, आणि दमदार फिल्टर. दिवा पेटत राहिला तरी त्यातली यूव्हीबी मंदावते, वर्षाच्या आत ट्यूब बदला.

खाण्यात दोन्हीकडे फरक नाही. सुकी सुंगटं (कोळंबी) खारट, ती नकोत. कासवाच्या खाद्याच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, आणि किनाऱ्यावर सापडणारं समुद्रफेन (माकुलाचं पांढरं हाड) दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, धुऊन द्या.

अंगण असेल तर मी हौदच म्हणेन, पावसाळ्यापुरता पडवीत मोठा टब आणि यूव्हीबी दिवा. फ्लॅट असेल तर टाकी, आणि पैसे कमी पडले तर शोभेचे दगड वगळा, दिवा वगळू नका. तेवढंही जमणार नसेल तर कासव आणू नका. ते तीस वर्षं जगू शकतं, आणि कंटाळून तळ्यात सोडलेला स्लायडर आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतो.