म्हशींचा मका कशात ठेवायचा: बारदान, लोखंडी कोठी की हवाबंद पिशवी?

दिवाळीच्या आगेमागे खरिपाचा मका मळून झाला की आमच्या पन्हाळा भागात घरोघरी हाच प्रश्न निघतो. पाव्हण्यांनी परवा फोनवर विचारलं म्हणून सविस्तर लिहितो. तिन्ही प्रकार आमच्या घरात वापरून झालेत.

आधी भीती कशाची ते सांगतो. अॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. शिजवून, भाजून हे विष जात नाही. म्हशीच्या पोटात भरड्यातून गेलं की त्यातला काही भाग दुधात उतरतो, आणि तेच दूध आपली पोरं पितात. आपल्या देशात अन्नधान्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, दुधाला फक्त ०.५.

बारदान सगळ्यात स्वस्त, पण ते हवेतली ओल ओढतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही पोती फरशीवर, भिंतीला टेकवून रचली होती. जूनमध्ये खालचं पोतं उचललं तर बुडाला मक्याचा ढेकूळ झालेला, फोडल्यावर हिरवी भुकटी उडाली आणि कुबट वास घरभर पसरला. वरची पोती डोळ्याला चांगली दिसत होती, तरी ती म्हशींना घालायचं धाडस झालं नाही. बुरशी दिसत नसली तरी विष असू शकतं. बारदानच वापरणार असाल तर खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर अंतर सोडा आणि पावसाळ्याआधी मका संपवा.

लोखंडी कोठीत उंदीर शिरत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पत्र्याच्या शेडात दिवसा ती तापते, रात्री गार होते. दाण्यात ओल राहिली असेल तर झाकणाच्या आतून पाणी सुटतं आणि वरच्या थरालाच बुरशी धरते. कोठी घरात, सावलीत असेल तर उत्तम.

हवाबंद पिशवी म्हणजे आत जाड प्लास्टिक, बाहेर साधं पोतं. तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधलं की आतल्या किड्यांच्या आणि दाण्यांच्या श्वासोच्छ्वासाने प्राणवायू कमी होतो, कीड मरते, बाहेरची दमट हवा आत येत नाही. बारदानापेक्षा बरीच महाग, आणि उंदराने एक भोक पाडलं की गेली. तरी पावसाळ्यापार मका ठेवायचा असेल तर माझं मत हिलाच. ती नीट वापरली तर पुढच्या हंगामालाही चालते.

पण ही पिशवी दाणे वाळवत नाही. ओला मका भरला तर तो आतच आंबतो. म्हणून खरा निर्णय ताडपत्रीवर होतो. ओल १२-१३ टक्क्यांवर यायला हवी. यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि कोरडं मीठ घालून चांगलं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तरी आणखी दोन कडक उन्हं द्या. वाळवताना फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे वेचून काढा. बहुतेक विष अशा थोड्या दाण्यांतच साठलेलं असतं. वेचलेले दाणे कोंबड्यांनाही टाकू नका.

शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, एवढं टेन्शन नसतं, तो फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात निघतो. मात्र काढणीत अवकाळी सापडला तर तोही वेगळा ठेवा. १९९५ साली कर्नाटक-आंध्रात पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं आजारी पडली होती, तिथं फ्युमोनिसिन हे दुसरं बुरशीविष होतं.

आणि परतीच्या पावसाने वाळवायला ऊनच दिलं नाही, तर तिन्ही विसरा. ड्रायर असलेल्या व्यापाऱ्याला मका ओला आहे हे सांगूनच विका, आणि म्हशींसाठी पुढे लागेल तसा सुका मका थोडा थोडा विकत आणा.