जॅझ बेस : विकत घेताना काय पाहावे आणि नंतर काय बदलावे

इलेक्ट्रिक बेस गिटार घ्यायला निघालेला माणूस सहसा तीन प्रश्न आधी विचारतो: पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे चुंबकीय भाग) कोणत्या कंपनीचे आहेत, लाकूड कोणते आहे आणि आत प्रीअँप (संकेत सुधारणारे, बॅटरीवर चालणारे सर्किट) आहे की नाही. माझ्या मते या तिन्हींच्या आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. पिकअप तारेच्या कोणत्या भागाखाली बसवले आहेत ही पहिली, आणि नेक (तारांखालचा लांब दांडा) किती ठाम आहे ही दुसरी. तारा, पॉट (घुंड्यांखालचे बदलते रोध), कपॅसिटर, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), प्रीअँप, इतकेच काय, खुद्द पिकअपसुद्धा नंतर बदलता येतात. पण पिकअपची जागा हलवायची तर बॉडी नव्याने कोरावी लागते आणि नेक बदलला की जवळजवळ दुसरेच वाद्य हातात येते. माझ्याकडे बरीच वर्षे असलेल्या, जॅझ बेसच्या घडणीच्या चार तारांच्या पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणाऱ्या) वाद्याचे आणि त्यात मी वेळोवेळी केलेल्या बदलांचे हे परीक्षण याच दृष्टीने लिहिले आहे.

अमेरिकन वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, १९५७ मध्ये त्याला आजचा दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला आणि १९६० मध्ये जॅझ बेस बाजारात आला. दोन्ही वाद्यांत नटपासून (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतचे अंतर ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर आहे. मुख्य फरक आहे तो पिकअपची संख्या व जागा आणि नटपाशी असलेली नेकची रुंदी यांत. प्रिसिजनचा एकच पिकअप अशा ठिकाणी आहे की मूळ स्वर आणि त्याचे खालचे उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे सूक्ष्म स्वर) तिथे भरपूर मिळतात, त्यामुळे त्याचा आवाज फारसे काही न करता बँडमध्ये बसतो. जॅझ बेसला दोन पिकअप आहेत, एक नेकच्या बाजूला आणि दुसरा ब्रिजजवळ. तार ब्रिजवर टेकलेली असल्यामुळे तिथे ती फार हलू शकत नाही. मूळ स्वराचा वाटा घटतो आणि वरच्या उपस्वरांचा वाटा त्या मानाने वाढतो. ब्रिजजवळचा पिकअप एकटा वाजवल्यावर येणारा टोकदार, किंचित अनुनासिक आवाज यातूनच येतो. बेसवादक जाको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२च्या, फ्रेट काढून टाकलेल्या जॅझ बेसवर याच पिकअपवर भर दिला, आणि त्यांच्या वादनातला प्रत्येक स्वर गजबजलेल्या वाद्यमेळातूनही वेगळा ऐकू येतो त्यात हाताइतकाच या जागेचाही वाटा आहे.

दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की आणखी एक गोष्ट घडते. तारेच्या दोन वेगवेगळ्या बिंदूंवरून आवाज उचलला जात असल्यामुळे मधल्या पट्टीतले काही उपस्वर एकमेकांना छेद देतात आणि मध्य थोडा खचतो. खर्ज आणि वरची चमक उठून दिसते. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याची शैली) वाजवणाऱ्यांना जॅझ बेस आवडतो तो यामुळेच. १९७०च्या दशकात ब्रिजकडचा पिकअप साधारण एक सेंटिमीटर आणखी मागे सरकवण्यात आला आणि आवाज अधिक कोरडा व धारदार झाला. एक सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ब्रिजच्या इतक्या जवळ तेवढ्या अंतराने उपस्वरांचे प्रमाण स्पष्टपणे बदलते, आणि कितीही महागडा पिकअप त्या जागी बसवला तरी तो फरक भरून निघत नाही. म्हणून आज मिळणाऱ्या जॅझ घडणीच्या वाद्यांपैकी एखादे निवडताना पिकअप ‘साठच्या’ जागी आहे की ‘सत्तरच्या’, हे मोजपट्टी लावून पाहावे. बोटांनी, विशेषतः खर्जाच्या तारांवर संथ चाल धरून वाजवणाऱ्याने साठची जागा निवडावी असे मी निःसंकोच सांगेन. माझे वाद्य त्याच प्रकारचे आहे.

नेकची परीक्षा कागदावरच्या माहितीवरून होत नाही, ती वाजवूनच करावी लागते. अँप्लिफायर न जोडता ‘जी’ (सर्वांत बारीक) तारेवर चौथ्या फ्रेटपासून नवव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने छेडावा आणि तो आपोआप विझेपर्यंत ऐकत राहावे. स्क्रूंनी जोडलेल्या नेकच्या बहुतेक वाद्यांत पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर शेजाऱ्यांपेक्षा लवकर मरतो. त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. माझ्या वाद्यावर तो सहाव्या फ्रेटवरचा सी शार्प आहे: छेडताक्षणी तो इतर स्वरांइतकाच ठसठशीत उमटतो, पण लगेच त्याचा गाभा विरून जातो आणि वरच्या सप्तकाची पुसट रेघ तेवढी मागे रेंगाळते. नेकची स्वतःची कंपनसंख्या त्या स्वराशी जुळली की तारेतली ऊर्जा नेक खेचून घेतो, असे त्यामागचे कारण आहे. हेडस्टॉकला (खुंट्या असलेल्या नेकच्या टोकाला) वजनदार क्लॅम्प लावला की ही जागा एखाद्या फ्रेटने सरकते, नाहीशी होत नाही. नेकमध्ये ग्रॅफाइटच्या पट्ट्या घातलेल्या वाद्यांत हा दोष सहसा सौम्य असतो. एकाच मॉडेलची दोन वाद्ये शेजारी ठेवून ही चाचणी केली तरी फरक ऐकू येतो, म्हणून प्रत्यक्ष हातात न घेता बेस विकत घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. लाकडाच्या जातीवरून होणाऱ्या चर्चेत जेवढा वेळ जातो, त्याचा अर्धा जरी या चाचणीला दिला तरी निवड सुधारेल.

वाद्य घरी आले की पहिला बदल तारांचा करावा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा परिणाम देणारा बदल आहे, आणि तरीही लोक पिकअप आधी बदलतात याचे मला वाईट वाटते. गोल तारेचे वेढे असलेल्या राउंडवाउंड तारांत स्टेनलेस स्टीलच्या तारा सर्वांत चमकदार, निकेलच्या थोड्या मऊ. चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या फ्लॅटवाउंड तारांत वरचे उपस्वर लवकर शमतात आणि स्वराचा सुरुवातीचा ठोका गोलसर होतो. मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमरसन १९६२च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावत, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असे आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने ते वाजवत. त्यांच्या आवाजाच्या मागे लागून व्हिंटेज पिकअप शोधणाऱ्याने आधी एवढे करून पाहावे. माझ्या जॅझ बेसवर मी निकेलच्या, ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या राउंडवाउंड तारा ठेवतो आणि नव्या तारांची झणझण थोडी उतरल्यावरच त्या मला पसंत पडतात. फ्लॅटवाउंड तारांवर दोन्ही पिकअपमधला फरक बराच पुसला जातो, आणि तोच फरक हवा म्हणून जॅझ बेस घेतलेला असतो.

तारांचा प्रकार बदलला की सेटअप (नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवणे) पुन्हा करावाच लागतो, कारण ताण बदलतो आणि त्याबरोबर नेकचा बाकही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.३ मिलिमीटर फट राहावी, एवढा ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवणारी सळई) फिरवावा. तोही एका वेळी चतुर्थांश फेऱ्यापेक्षा अधिक नाही. बाराव्या फ्रेटवर ‘ई’ (सर्वांत जाड) तारेची उंची २ ते २.५ मिलिमीटर ठेवली तर जोराने वाजवतानाही खडखड होत नाही. त्याहून खाली तारा उतरवल्या की बोटांना सोपे जाते हे खरे, पण फ्रेटवर आपटणारी तार आपली ऊर्जा तिथेच गमावते, मूळ स्वर बारीक होतो आणि वाजवणारा ती उणीव इक्वलायझरने भरू पाहतो. आवाज पातळ असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक वाद्यांचे दुखणे एवढेच असते.

पिकअपची उंची हा फुकटातला बदल आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअप यांच्यात जाड तारांकडे सुमारे २.८ आणि बारीक तारांकडे सुमारे २ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. तार ब्रिजपाशी कमी हलत असल्यामुळे तिथला पिकअप किंचित वर आणि नेककडचा किंचित खाली ठेवला की दोन्हींचा जोर सारखा येतो. पिकअप फार वर घेतले तर आवाज वाढतो, पण चुंबक तारेला ओढतो, आस (स्वर रेंगाळण्याचा काळ) आखूड होते आणि स्वर डळमळू लागतो.

सोल्डरिंग करून केलेल्या बदलांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सीरिज-पॅरलल स्विच, म्हणजे दोन पिकअप एकामागोमाग (सीरिज) की समांतर (पॅरलल) जोडायचे ते ठरवणारा. जॅझ बेसचे दोन पिकअप मुळात पॅरलल जोडलेले असतात. पुश-पुल (ओढून-दाबून स्विचसारखा चालणारा) पॉट बसवून ते सीरिजमध्ये जोडण्याची सोय केली की आवाजाचा जोर वाढतो, वरची धार थोडी बोथट होते आणि खचलेला मध्य भरून येतो. प्रिसिजनची हुबेहूब नक्कल होत नाही, कारण जागा वेगळी ती वेगळीच. पण गिटारच्या गोंगाटात हरवणारी बेसची ओळ या एका स्विचने पुढे येते, आणि त्यासाठी बॉडीला एकही नवे भोक पाडावे लागत नाही. सीरिजमध्ये असताना एकच व्हॉल्यूम संपूर्ण वाद्याचा आवाज सांभाळेल अशी जोडणी करून घ्यावी. हा बदल केल्यानंतर पिकअप बदलण्याची माझी इच्छा जवळजवळ मावळली.

पॉट २५० किलोओमचे असतात. ५०० किलोओमचे लावले तर वरची चमक वाढते, जी सिंगल-कॉइल (एकच वेटोळे असलेल्या) पिकअपला सहसा नको असते. टोनचा कपॅसिटर साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. ०.०२२ चा लावला तर टोन बंद केल्यावर आवाज कमी गढूळ होतो. कपॅसिटर कोणत्या पदार्थाचा आहे याला मी महत्त्व देत नाही, त्याचा परिणाम मायक्रोफॅरडच्या आकड्यावरून ठरतो.

सिंगल-कॉइलच्या घुंईबद्दल (विजेच्या गुणगुणाटाबद्दल) मात्र सविस्तर लिहायला हवे. जॅझ बेसचे दोन पिकअप सहसा एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट ध्रुवांचे असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की घुंई थांबते आणि एक जरासा कमी केला की ती परत डोके वर काढते. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थिंगशी जोडली तर बारीक चरचर, विशेषतः हात तारांवरून उचलल्यावर येणारी, खूप कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे कॉइलमध्ये शिरणारी घुंई या पट्टीने अडत नाही, आणि असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नये. त्या घुंईवर खरा उपाय म्हणजे जॅझच्याच आकारातले, आत दोन कॉइल असलेले पिकअप. ध्वनिमुद्रणासाठी ब्रिजकडचा पिकअप एकटा वापरणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. त्यांत वरच्या उपस्वरांचा अंश थोडा कमी मिळतो, परंतु शांत स्टुडिओत घुंईचा पडदा नसणे हा फायदा त्याहून मोठा आहे.

प्रीअँपचा बदल मी करून पाहिला आणि काही काळाने काढला. बेसमध्येच अ‍ॅक्टिव्ह सर्किट देऊन १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेने या कल्पनेला प्रतिष्ठा दिली. पुढे बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७च्या जॅझ बेसमध्ये वाद्यकारागीर रॉजर सॅडोस्की यांनी प्रीअँप बसवला आणि त्या आवाजाने एका पिढीची स्लॅपची कल्पनाच घडवली. प्रीअँपचा खरा उपकार खर्ज आणि ट्रेबल वाढवण्यात नाही, तर पिकअपवरचा भार हलका करण्यात आहे: पॅसिव्ह वाद्यात लांब केबलची कपॅसिटन्स वरचे उपस्वर खाते, प्रीअँपनंतर ती फारशी जाणवत नाही. १८ व्होल्टवर चालणाऱ्या प्रीअँपला ९ व्होल्टच्या मानाने जोरदार ठोके न फाटता पेलण्याची मुभा जास्त असते. स्लॅप हेच मुख्य काम असणाऱ्याने किंवा दूरच्या मंचावर लांब केबल ओढावी लागणाऱ्याने तो बसवावा, फक्त तो पूर्ण बाजूला काढून पॅसिव्हवर जाण्याचा स्विच असलेलाच घ्यावा, म्हणजे बॅटरी संपल्यावर वाद्य मुके होणार नाही. केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी खर्च होत राहते, हे तर अंगवळणीच पाडून घ्यावे लागते. माझे वादन बोटांचे आणि मधल्या पट्टीवर विसंबलेले असल्यामुळे टोनची एक घुंडी आणि सीरिजचा स्विच मला पुरला.

वजनदार ब्रिजबद्दल थोडक्यात. त्याने स्वराचा आरंभ किंचित घट्ट होतो, डेड स्पॉट जात नाही, आणि वाद्याचा तोल बॉडीकडे झुकतो. बसवायचाच असेल तर जुन्याच भोकांत बसणारा घ्यावा. माझ्या वाद्यावर वाकवलेल्या पत्र्याचा मूळ ब्रिजच आहे; वाजवताना सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू फिरून तारांची उंची उतरू नये म्हणून त्यांच्या आट्यांवर थ्रेडलॉकरचा (स्क्रू जागच्या जागी धरणाऱ्या द्रवाचा) एकेक थेंब तेवढा लावला आहे.